वरच्या मजल्यावरच्या झडपा

घर दाखवताना अक्कांनी ना पाण्याच्या वेळा सांगितल्या, ना आमची जात-गोत्र विचारली. जिना चढून वर आल्या, दम खाल्ला आणि दोनच गोष्टी सांगितल्या. "हे जिन्याचं दार कधी लावायचं नाही. आणि वरच्या झडपा कधी बंद करायच्या नाहीत. जमतं तर राहा. नाही जमत तर नको म्हणून आत्ताच सांगून टाक, मी वाईट नाही वाटून घेणार."

मी पुण्याहून नुकती आलेली, लग्नाला पुरतं वर्षही झालेलं नव्हतं आणि माझ्या जिभेला हाड नव्हतंच. "अहो, दार लावायचं नाही म्हणजे काय? आम्ही नवरा-बायको राहणार वर!"

"पडदा लाव की," अक्का म्हणाल्या. "आम्ही म्हातारे काय बघायला येतोय का?"

नवरा कानापर्यंत लाल झाला. त्याला बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात, संशोधन विभागात नोकरी लागली होती. कारखान्याची बस यशवंतपूरला थांबायची आणि हे घर तिथून चालत पाच मिनिटांवर. त्यानं डोळ्यांनीच मला गप्प केलं. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं, बरं घर मिळायला तेव्हाही नशीब लागायचं. घेतलं आम्ही. मी त्याच दिवशी बाजारात जाऊन मिळेल तो सर्वांत जाड पडदा आणला.

अक्का आणि अण्णा, हे आमचे घरमालक, मराठीच. पण त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडे येऊन रुजलेलं. त्यांच्या मराठीत थोड्याला 'स्वल्प', बरं म्हणायला 'सरी' असं कानडी इतकं मिसळलेलं असायचं की पहिला महिना मला निम्मं अंदाजानंच समजून घ्यावं लागलं. माझ्या मराठीला ते दोघं हसायचे ते वेगळंच. मी भराभर बोलते म्हणून अण्णा मला 'पुण्याची एक्स्प्रेस' म्हणायचे आणि हाक मारताना मात्र 'अम्मा'. तेवीस वर्षांच्या मुलीला अम्मा! इकडे तशीच पद्धत आहे हे मला नंतर कळलं, तोवर मी मनातल्या मनात चरफडत होते.

ते घर अण्णांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. खाली एक मोठा हॉल, हॉलच्या मधोमध वर जाणारा जिना, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वरच्या प्रत्येक भिंतीत, छताच्या बरोबर खाली, हातभर लांबीच्या लाकडी झडपा होत्या. दोरी ओढली की मधल्या खिळ्यावर फिरून उघडायच्या. बांधलं तेव्हा घराच्या चारी बाजू मोकळ्या होत्या. मग डावीकडच्यानं दोन मजले चढवले, उजवीकडच्यानं तीन, आणि मागच्यानं तर कंपाउंडला चिकटून सलग भिंतच घातली. राहिली फक्त पुढची बाजू.

"आता घर नाकानं नाही, टाळूनं श्वास घेतंय," अण्णा म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ते करून दाखवलं. पेटलेली उदबत्ती पुढच्या खिडकीशी, अगदी खालच्या गजापाशी धरली. धुराची रेघ आत वळली, हॉल ओलांडून जिन्यापाशी आली आणि एकेक पायरी चढल्यासारखी वर गेली. मी तिच्यामागून जिना चढले. वर आमच्या खोलीतून ती तिरकी होत झडपेतून बाहेर पडली. मी वरून ओरडले, "गेली हो अण्णा, गेली बाहेर!" आणि खाली अण्णा एवढे खूश झाले की खोकल्याची ढास लागली. अक्का धावल्या. पाणी दिलं, पाठ चोळली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्याच्यासाठी ते दार. कळलं?"

अण्णांचं सगळं आयुष्य फाउंड्रीत गेलेलं. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं काम. तीस वर्षं ती बारीक वाळू आणि तो धूर छातीत गेला होता. आता चार पावलं चालले की धाप लागायची. डॉक्टरांनी दोनच पथ्यं सांगितली होती, हवा खेळती हवी आणि धुराचं नाव नको. म्हणून त्यांची आरामखुर्ची जिन्याच्या पायथ्याशी असायची. खालची हवा वर खेचली जायची ती बरोबर त्यांच्या अंगावरून. हे सगळं मला त्यांनी आणि अक्कांनी फोड करून सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

मग त्या घराचं वेळापत्रक माझ्याही अंगवळणी पडलं. सकाळी सहाला खाली-वर सगळं उघडायचं. ऊन व्हरांड्यात शिरलं की खालच्या खिडक्या निम्म्या ओढून घ्यायच्या, गजांवर ओला पंचा टाकायचा, पण वरच्या झडपा सताड. संध्याकाळी पाचला पुन्हा सगळं मोकळं. अण्णा खालून खुर्चीतूनच हाक मारायचे.

"अम्मा, वरचं उघडलं?"

"उघडलं, अण्णा!"

"सगळं?"

"सगळं!"

"स्वयंपाकघरातलं?"

आणि मी जीभ चावून पळायचे. त्यांना खुर्चीत बसल्या-बसल्या अंगावरच्या वाऱ्यावरून कळायचं की एक झडप राहिली आहे. मला सुरुवातीला या रोजच्या उलटतपासणीचा असा राग यायचा! घर भाड्यानं घेतलंय की पहारेकऱ्याची नोकरी धरलीये, असं मी नवऱ्याला ऐकवायचे. तो म्हणायचा, "मग खाली जाऊन सांग ना." ते मात्र माझ्याच्यानं व्हायचं नाही.

त्या घरातला आमचा पहिला एप्रिल महिना आला तेव्हा माझा भाऊ राहायला आला. आल्या-आल्या त्यानं वर बघितलं. "ए, पंखा कुठाय?" पंखा सोडाच, छताला पंख्याचा हूकसुद्धा नव्हता. जेवून तो हॉलमध्ये सतरंजीवर जरा आडवा झाला तो थेट चहालाच उठला, आणि उठून म्हणाला, "आई गं, काय झोप लागली!" मी अशी मिरवले जणू घर मीच बांधलं होतं. त्याला उदबत्ती लावून दाखवली. अण्णा खुर्चीतून बघत होते आणि मी काही चुकीचं सांगितलं की बोट हलवून नाही म्हणत होते. तो दिवस मला परत हवाय. बाकी काही नको, एप्रिलमधला तो एकच दिवस हवाय.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. बाळंतपणाला पुण्यालाच जायचं ठरलं होतं, पण रक्तदाब वाढला आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नकार दिला. मग आईच आली. डिंक, आळीव, बाळंतशोपा, ओवा, जुन्या मऊ लुगड्यांची दोन गाठोडी, असं सगळं घेऊन आली. नोव्हेंबर सरता सरता मुलगी झाली. आम्ही घरी आलो तेव्हा बेंगळुरूची थंडी पडायला लागली होती.

खोलीत पाऊल टाकल्याबरोबर आईनं वर बघितलं. "हे काय? बाळंतिणीच्या डोक्यावर भगदाडं?"

"झडपा आहेत, आई. त्या बंद करायच्या नाहीत."

"कोण म्हणतं? वारा लागला तर जन्माचं दुखणं होऊन बसेल. तुझं आणि हिचंही." तिनं माझ्या कानाला फडकं आवळलं. "मालकीणबाई काही म्हणतील का?"

इथे मला थांबायला हवं होतं. दोन वाक्यं बोलले असते तरी पुरे होतं. अण्णांच्या छातीचं सांगितलं असतं तर माझी आई काही दगड नव्हती, तिनं दुसरा मार्ग काढला असता. पण मी थकले होते, टाके दुखत होते, आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांची ती उलटतपासणी माझ्या मनात कुठेतरी सलत होती. मी म्हटलं, "बोळे कोंब बिनधास्त. वर कोण बघायला येतंय?"

आईनं स्टुलावर चढून लुगड्यांचे बोळे एकेका झडपेत ठासून भरले. दोऱ्या गुंडाळून खिळ्याला बांधल्या. जिन्याचं दार लावलं आणि त्याच्या फटीत गोधडी सारली. खोली उबदार झाली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! दोन वर्षांत पहिल्यांदा ते घर फक्त माझं वाटलं.

रोज सकाळी न्हाणं झालं की शेक. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-बाळंतशोपांची धुरी. कोळसे पेटताना धूर होतो, तो बाळाच्या डोळ्यांत जायला नको म्हणून आई शेगडी खोलीत पेटवायची नाही. दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून पेटवायची. सुपानं वारा घालायची, निखारे लाल झाले की आत आणायची आणि दार पुन्हा लावून घ्यायची. बाळाची एवढी काळजी. बाहेर राहिलेला धूर वर जाऊ शकत नव्हता, कारण वरचं सगळं आम्हीच बुजवलं होतं. तो खाली उतरत होता. हे मला कोणी शिकवायला नको होतं, मी त्या जिन्यावर उदबत्तीच्या मागे धावले होते. पण मी डिंकाचा लाडू खात होते आणि मुलीची बोटं मोजत होते.

अण्णांची सकाळची हाक बंद झाली. मला वाटलं, बाळंतीण घरात आहे म्हणून संकोचत असतील.

बारशाला अक्का वर आल्या. झबलं आणि चांदीचा वाळा आणला होता. मी विचारलं, "अण्णा नाही आले?" "त्यांना जिना नको," म्हणाल्या. बसल्या, मुलीला मांडीवर घेतलं, मग मान वर करून झडपांकडे बघितलं. लुगड्याचा जांभळा काठ बाहेर लोंबत होता. मी नजर चुकवली. मुलीनं त्यांचं बोट मुठीत धरलं होतं. आठवड्यानं पुन्हा आल्या, नाचणीच्या सत्त्वाची वाटी घेऊन. मी मुलीला पाजत होते. दारातच उभ्या राहिल्या, थोडा वेळ बघितलं आणि वाटी ठेवून गेल्या.

महिना उलटून गेल्यावर एके सकाळी खालून गडबड ऐकू आली. खुर्ची सरकल्याचा आवाज, अक्कांची हाक, मग रिक्षा. नवरा बस पकडायला निघाला होता तो तसाच अण्णांना उचलून रिक्षात घालून इस्पितळात गेला. दुपारी परतला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं तुटली होती. अण्णांनी गच्च धरलं होतं म्हणाला.

"डॉक्टर विचारत होते, घरात चूल आहे का? खिडक्या नाहीत का?" तो म्हणाला. "अक्का म्हणाल्या, आहेत." मग म्हणाला, "ते महिनाभर व्हरांड्यात बसतायत, माहितीये तुला? शेक सुरू झाला की अक्का त्यांना बाहेर नेऊन बसवतात. थंडीत, कानटोपी घालून. मला म्हणायचे, इकडे ऊन छान येतं म्हणून. आणि मी मूर्खासारखा मान डोलावून बस पकडायला जायचो."

तो वर बघत होता. मीही बघितलं.

मी स्टूल ओढलं. आई किंचाळली, "अगं टाके! उतर खाली, वेडी झालीस का?" मी पहिला बोळा उपटला. महिन्याची धूळ तोंडावर आली. दुसरा, तिसरा. दोऱ्यांच्या गाठी सुटेनात तेव्हा दातांनी सोडवल्या. स्वयंपाकघरातली उघडली, जिन्याचं दार उघडून गोधडी लाथेनं बाजूला केली. खालून हवा वर आली. तिच्यात कोळशाचा वास होता, महिनाभराचा. मी जिन्यात बसून मोठ्यानं रडले. आईला मग सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला आधी का नाही गं सांगितलंस?"

दहा दिवसांनी अण्णा घरी आले, पण निम्मेच. मी रोज मुलीला त्यांच्या खुर्चीपाशी नेऊन निजवायचे. तिचं जावळ वाऱ्यानं हलायचं आणि ते बघत राहायचे. "हिला हवा आवडते," एवढंच म्हणायचे. मी सकाळी सहाला सगळ्या झडपा उघडायचे आणि आपणहून खाली ओरडून सांगायचे, "उघडलं हो अण्णा, स्वयंपाकघरातलंसुद्धा!" ते हात वर करायचे. बोलायला श्वास पुरत नव्हता. पुढच्या एप्रिलमध्ये, एका दुपारी, खुर्चीतच गेले.

छाती जुनीच होती, डॉक्टर म्हणाले. आज ना उद्या हे व्हायचंच होतं, नवरा म्हणाला. लोक असं म्हणतात, चांगले असतात म्हणून म्हणतात.

सुतक फिटल्यावर मी अक्कांपाशी जाऊन बसले. "अक्का, माझ्यामुळे झालं," म्हटलं. "मला सगळं माहीत होतं. मीच आईला कोंब म्हणाले." त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"तुम्ही मला का नाही बोललात? एक शब्द बोलला असता..."

"दोनदा चढून आले की बोलायला," अक्का म्हणाल्या. "बारशाला हे खालून सांगत होते, नको म्हणून, बाळंतीण आहे, सव्वा महिन्याचं तर काम, काढतो स्वल्प दिवस बाहेर. मी ऐकलं नाही, आले. तर पोरीनं माझं बोट धरलं. दुसऱ्यांदा आले तर तू पाजत होतीस. काय बोलू?" मग त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला राग येतो. तुझा येतो, तुझ्या आईचा येतो, माझा पण येतो. सरी, जाऊ दे म्हणून रोज सकाळी ठरवते. मग वर तुझी पोर हसते आणि मला ह्यांची धाप ऐकू येते. पोर गोड आहे गं, जीव आहे माझा. पण मी काय करू, ऐकू येतं मला. तुम्ही दुसरं घर बघा."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. पण शब्द मागे घेतला नाही.

आम्ही पार शहराच्या पूर्वेला गेलो, महादेवपुऱ्याकडे. तिथे नव्या इमारती उठत होत्या. फ्लॅटला सरकत्या काचांच्या खिडक्या होत्या, एक बाजू उघडली की दुसरी बंद. प्रत्येक खोलीत पंखा. दिवसभर गरगर, आणि गरम हवा तीच ती फिरत राहायची. सकाळी सहाला मला जाग यायची आणि हात दोरी शोधायचा. मला ते घर हवं होतं. त्या घरात अण्णा हवे होते, त्यांची ती छळवादी उलटतपासणी हवी होती, आणि त्या दोन वाक्यांची संधी हवी होती जी मी बोलले नाही. यातलं कोणी काही देऊ शकत नव्हतं. तरी महिन्यातून एकदा मी मुलीला घेऊन, दोन बस बदलून, यशवंतपूरला जायचे. अक्का गेटपर्यंत यायच्या. गेटाच्या आतून बोलायच्या, मुलीच्या गालाला हात लावायच्या, लिंबाचं लोणचं नाहीतर चटणीपूड हातात द्यायच्या. आत या म्हणायच्या नाहीत. वरचा मजला त्यांनी पुन्हा कुणाला दिला नव्हता. चार वर्षं असं चाललं.

मग एके दिवशी आम्ही गेलो तेव्हा ऊन रणरणत होतं, मुलगी किरकिर करत होती. अक्कांनी पुडी द्यायला गेटाची कडी काढली आणि मुलगी त्यांच्या हाताखालून सुटली ती सरळ व्हरांडा ओलांडून हॉलमध्ये. मी हाक मारणार तेवढ्यात आतून ओरडली, "आई, इथे कित्ती गार आहे! ये ना!"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिला तहान लागली असेल," आणि तिच्यामागून आत गेल्या. मला ये म्हणाल्या नाहीत. गेट उघडंच होतं. मी बाहेर उन्हात उभी राहिले. आत मुलगी काहीतरी विचारत होती आणि अक्का तिला समजावून सांगत होत्या, मग मुलगी हसली, आणि थोड्या वेळानं अक्काही हसल्याचं ऐकू आलं. बसची वेळ झाली होती. ती चुकली तर पुढची तासाभरानं. मी हाक मारली नाही. बस गेली.